आरामाचं वेळापत्रक

आराम करायचा, असं मी शनिवारी संध्याकाळी सव्वासहा वाजता ठरवलं. वेळ इतकी नक्की सांगू शकतो, कारण ती मी लिहून ठेवली होती. (मी सगळंच लिहून ठेवतो. ऑफिसच्या आवक विभागात एकतीस वर्षं काढली आहेत. बाहेरून जो कागद येईल तो घ्यायचा, त्यावर तारीख-वेळ टाकायची, शिक्का मारायचा आणि पुढच्या टेबलावर सरकवायचा. कागदात काय आहे ते मी वाचत नाही. वाचत बसलो असतो तर एकतीस वर्षं टिकलो नसतो.)

झालं असं, की आमच्याकडे हेडक्लार्कची जागा रिकामी झाली. जागा म्हणजे अक्षरशः जागा. फिरणारी, उंच पाठीची, हात टेकायला गादी असलेली खुर्ची, आणि तीही खिडकीपाशी. माझ्या लाकडी खुर्चीचा एक पाय आखूड आहे आणि त्याखाली मी वर्षानुवर्षं जुनी परिपत्रकं घडी करून घालत आलो आहे. तेव्हा त्या फिरत्या खुर्चीवर माझा किती जीव होता हे मी वेगळं सांगायला नको. उमेदवार दोनच. एक मी आणि दुसरा स्टोअरमधला तो, ज्याला सगळं ऑफिस 'लोणी' म्हणतं. (का म्हणतं, ते तो साहेबांशी दोन मिनिटं बोलला की कुणालाही कळतं.) अनुभवात मी पुढे होतो. साहेबांनी दोघांचीही मेडिकल करून घ्यायला सांगितली आणि तिथेच माशी शिंकली.

ऑफिसच्या डॉक्टरांनी माझ्या दंडाला पट्टा बांधला, फुगवला, आकडा बघितला, पट्टा सोडला आणि पुन्हा बांधला.

"वरचा एकशे सत्तर," ते म्हणाले. "खालचा एकशे चार."

"म्हणजे पास?" मी विचारलं.

"अहो, हे मार्क नाहीत! सोमवारी सकाळी परत या. तेव्हाही हेच निघालं तर मला 'अयोग्य' असं लिहावं लागेल. मधे एक दिवस तरी पूर्ण आराम करा. समुद्रावर वगैरे जा. डोक्यात काही म्हणजे काही आणू नका."

'अयोग्य' हा शब्द डोक्यात घेऊन मी घरी आलो.

आमच्या शहरापासून लाँचने पाऊण तासावर एक छोटंसं बेट आहे. मासेमारांची वस्ती, थोडी झाडं, थोडी वाळू. 'एक दिवस स्वतःसाठी' अशी त्याची जाहिरात लाँचच्या तिकीटघरावर लावलेली असते. तिथेच जायचं ठरलं. मी लगेच टेबलाशी बसून कार्यक्रम तयार केला आणि बायकोपुढे ठेवला. बायको प्राथमिक शाळेत शिकवते, त्यामुळे माझ्याशी बोलताना तिला वेगळा सूर लावावा लागत नाही.

तिने मोठ्यांदा वाचलं. "आठ दहा, लाँच. नऊ ते पावणेदहा, समुद्राकडे पाहणे. पावणेदहा ते सव्वादहा, दीर्घ श्वास. सव्वादहा ते अकरा, मनात कोणताही विचार न आणणे. अकरा ते सव्वाअकरा, राखीव." तिने चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "यात मी कुठे आहे?"

"तू 'इतर' मध्ये आहेस. साडेअकराला."

"मला झोपायचंय हो. वर्गात त्रेपन्न मुलं आहेत माझ्या. मला फक्त एका झाडाखाली झोपायचंय, आणि मला कुणी 'बाई' म्हणून हाक मारायची नाही."

"झोप ना. साडेअकराला. इथे सही कर म्हणजे कार्यक्रम मंजूर झाला."

तिने कागदाची घडी केली आणि तेलाच्या डब्याखाली ठेवली. डबा जरा गळत होता.

रविवारी सकाळी धक्क्यावर पोचलो तर निम्मं शहर आराम करायला निघालेलं. एकाने स्पीकर आणला होता. त्याच्या मित्रांना त्या स्पीकरचं गाणं आवडलं नसावं, कारण त्यांनी स्वतःचा वेगळा आणला होता. एक बाई फोन लांब काठीला लावून, डोळे मिटून, अतिशय शांत चेहरा करून बसल्या होत्या. चेहरा नीट शांत आला नाही की डोळे उघडून नवऱ्यावर ओरडत आणि पुन्हा मिटून घेत. मी शेजाऱ्यांकडून बी.पी.चं मशीन मागून आणलं होतं. लाँचवरच मोजून पाहिलं. एकशे बहात्तर.

"वाढलं!" मी बायकोला म्हणालो.

"मोजताय कशाला मग?"

"मोजलं नाही तर आराम होतोय हे कळणार कसं?"

यावर तिने चष्मा काढला आणि पदराने पुसायला घेतला. वर्गात एखाद्या मुलाचं उत्तर फारच चुकलं की ती असंच करते, असं तिच्या सहकारी बाई मला एकदा म्हणाल्या होत्या.

बेटाच्या धक्क्यावर उतरलो तर आरामाची रांग लागलेली. झोपाळ्यात झोपायला टोकन होतं. झाडाखाली बसायला टोकन होतं. 'शांतता विभाग' असा फलक होता आणि तिथे एक माणूस शिट्टी वाजवून लोकांना गप्प करत होता. आमचा नंबर एकशे शहात्तर. मी पुन्हा मशीन लावलं. तेही एकशे शहात्तर. (योगायोग असेल. पण रांगेतल्या मागच्या गृहस्थांनी मशीनमध्ये डोकावून "अरे वा, हे नंबरपण दाखवतं?" असं विचारलं तेव्हा आणखी दोनाने वाढलं.)

"चला," बायको म्हणाली आणि माझ्या हाताला धरून रांगेबाहेर निघाली. वस्तीतून, वाळत घातलेल्या जाळ्यांच्या मधून, एका बोळातून ती मला बेटाच्या पलीकडच्या बाजूला घेऊन गेली. तिथे काहीच नव्हतं. लांबलचक वाळू, तीन-चार झाडं आणि समुद्र. माणूस नाही, फलक नाही. बायकोने झाडाखाली चादर अंथरली, पदर तोंडावर घेतला आणि मी घड्याळ बघायच्या आत घोरायला लागली. तिला मंजुरी लागत नाही हेच खरं.

मी पाण्याच्या कडेला जाऊन उभा राहिलो. समुद्राकडे पाहणे, झालं. दीर्घ श्वास घेतले. मशीन लावलं तर ते सुरूच होईना. पाठचं झाकण उघडलं. आत सेल नव्हते. मागे वळून पाहिलं तर बायकोच्या पर्सची चेन उघडी आणि बायको गाढ झोपलेली. चिडलो, पण चिडण्याने किती वाढलं हे कळायला मार्ग नव्हता. बरोबर सव्वादहा वाजता मी मनात कोणताही विचार न आणायला सुरुवात केली.

तेवढ्यात एक होडी किनाऱ्याजवळून धडधडत आली. आत चार-पाच माणसं आणि जाळ्याचा भला मोठा ढीग. पुढे उभ्या असलेल्या माणसाने, तो मालक असावा, "घ्या!" असं ओरडून जाड दोराचं एक टोक माझ्याकडे फेकलं.

आता इथे कुणीही शहाणा माणूस बाजूला झाला असता. पण मी आवक विभागातला. समोरून काही आलं की माझा हात आपोआप पुढे होतो. एकतीस वर्षांत मी कुणाचं काही परत पाठवलेलं नाही; ते पुढच्या टेबलाचं काम. मी दोर झेलला. चांगला दोन्ही हातांनी झेलला. (आणि खरं सांगतो, क्षणभर शिक्का कुठे मारायचा ते शोधलं.)

"अहो, हा कुणाला द्यायचा?" मी ओरडलो.

होडी एव्हाना वळली होती. मागच्या बाजूने जाळं पाण्यात सोडत सोडत ती सरळ समुद्राकडे निघाली. दोर माझ्या हातातून सरकायला लागला. मी घट्ट धरला तर मीच सरकायला लागलो. चपला वाळूत राहिल्या, मी चार पावलं पुढे.

समोर कुणी नाही. मागे बायको घोरतेय. हातात दोर आणि दोराच्या दुसऱ्या टोकाला अख्खा समुद्र. मी डोकं चालवलं. कसाबसा मागे सरकत झाडापाशी गेलो आणि दोर बुंध्याला गुंडाळून छानशी गाठ मारली. फायलीला मारतो तशीच, एका ओढीत सुटणारी. हात झटकले आणि घड्याळ पाहिलं. अजून दहा पस्तीस. विचार न आणायला पंचवीस मिनिटं शिल्लक होती.

"कुणी बांधला हा?"

मागे एक म्हातारी उभी होती. काटक, उन्हाने रापलेली, काखेत टोपली. नंतर कळलं की जाळ्यातल्या मासळीची वाटणी तीच करते आणि तिच्यापुढे होडीचा मालकसुद्धा चकार शब्द काढत नाही. तिला सगळे मावशी म्हणतात.

"मी," मी म्हणालो. "म्हणजे, कुणीतरी येईपर्यंत तात्पुरता..."

"झाडाला कळतं का ढील कधी द्यायची ते? सोडा तो! जाळं फाटेल की!"

मी सोडला. फायलीची गाठ असल्याने पटकन सुटली आणि मी पुन्हा पाण्याच्या दिशेने निघालो.

"तसं नाही! ओढ लागली की दोन पावलं जायचं, सैल पडला की मागे यायचं. आणि किनाऱ्याने त्या खडकाकडे सरकत राहायचं. पाणी तिकडे वाहतंय."

"मावशी, अहो, मी इथे आरामाला आलोय. तुमचा नेहमीचा माणूस कुठे आहे?"

"मालकाचा मेहुणा धरतो. तो आज शहरात गेलाय."

"कामाला?"

"आरामाला. तिथे ते मोठं दुकान आहे ना, गार हवेचं? त्यात सरकत्या जिन्याने वर जातो, खाली येतो. दिवसभर. फार शांत वाटतं म्हणतो."

"मग आता हा तुम्ही धरा ना," मी दोर पुढे केला.

मावशी अशी मागे सरली जसं काही मी तिच्या हातात निखारा देतोय. "पहिला दोर ज्याने धरला त्यानेच जाळं वाळूला लागेपर्यंत धरायचा. मधे हात बदलायचा नाही. हात बदलला की ढील जाते, ढील गेली की मासे जातात, आणि मग ते कुणाच्या हातून गेले यावर वर्षभर भांडणं."

(हा नियम आमच्या ऑफिसात लागू झाला तर दुपारच्या चहापर्यंत ऑफिस ओस पडेल.)

"पण मला बी.पी. आहे हो!"

"असू दे की. त्यालाही धरायला सांगा."

आता हिला काय सांगणार? मी दोर घेऊन चालायला लागलो. दोन पावलं पुढे, तीन मागे, मग खडकाकडे. अर्ध्या तासाने होडी मोठा वळसा घालून पलीकडे किनाऱ्याला लागली, माणसं उतरली, वस्तीतून आणखी लोक आले. बायका, पुरुष, दोन-तीन म्हातारे. निम्मे त्या टोकाला, निम्मे माझ्या मागे. मालक लांबून ओरडला, "पाहुणे, तुम्ही पुढे! तुम्ही ओढाल तसे आम्ही ओढणार!"

एकतीस वर्षांत माझ्या हाताखाली कुणी नव्हतं. शिपायानेसुद्धा मला कधी पाणी आणून दिलं नाही. आणि इथे माझ्यामागे दहा माणसं दोर धरून मी काय करतो ते बघत उभी. मला वाटतं तिथेच माझं डोकं फिरलं. मी टाच वाळूत रोवली आणि "ओढाऽऽ!" असं ओरडलो. इतक्या मोठ्यांदा ओरडलो की बायको जागी झाली.

ती उठून बसली. पँट गुडघ्यापर्यंत वर, शर्ट चिखलाने माखलेला, तोंड लाल आणि मागे दहा माणसं, असा नवरा तिने काही वेळ नीट पाहिला.

"अहो, हे कुठल्या वेळेतलं?" तिने विचारलं.

"राखीव!" मी ओरडलो. "येतेस का ओढायला?"

"नको. मी 'इतर' मध्ये आहे." आणि ती पुन्हा आडवी झाली. थोड्या वेळाने मी पाहिलं तर ती मावशीबरोबर चहा पीत बसली होती आणि दोघी माझ्याकडे बोट दाखवून खदाखदा हसत होत्या. मावशी तिला 'बाई' म्हणत नव्हती, 'पोरी' म्हणत होती. बायकोला इतकं मोकळं हसताना मी कित्येक महिन्यांत पाहिलं नव्हतं. मला बरं वाटलं. जरा रागही आला, पण बरं जास्त वाटलं.

दीड तास ओढलं. तळहाताला फोड आले, फुटले, पुन्हा आले. पाठीचा कणा सरळ होतो की नाही याची शंका यायला लागली. मालक दर पाच मिनिटांनी "ढील द्या!", "आता नको!", "पाहुणे, झोपलात का?" असं ओरडत होता. साहेबांनी मला असं एकदा म्हटलं असतं तर मी आठ दिवस जेवलो नसतो. इथे मी "हो हो, देतो!" म्हणत पळत होतो. शेवटी जाळ्याचा पोट फुगलेला भाग वाळूवर आला आणि त्यात चांदीसारखी मासळी उड्या मारायला लागली. (शिवाय तीन बाटल्या, एक स्पीकर आणि शांत चेहऱ्याच्या बाईंची बहुधा ती लांब काठी.)

मी वाळूत बसलो आणि बघत राहिलो. हसू नका, पण माझ्या डोळ्यांत पाणी आलं. आमच्याकडे काम पुढे जातं. कुठे जातं, त्याचं काय होतं, ते संपतं का, मला कधी कळलं नाही. हे काम सकाळी माझ्या हातात आलं आणि दुपारी माझ्यासमोर संपलं. हातात आलेलं काम संपताना मी पहिल्यांदाच पाहत होतो. त्या दीड तासात खुर्ची, लोणी, एकशे सत्तर, यातलं काहीच मनात आलं नव्हतं हेही माझ्या तेव्हाच लक्षात आलं.

मावशीने वाटे घातले. पहिला वाटा दोर धरणाऱ्याचा, म्हणून माझ्यापुढे टोपली सरकवली. मी नको म्हणालो तर म्हणाली, "घ्या. बी.पी.लाही द्या त्यातलं." शेवटी तिनेच ती मासळी तळून आम्हाला जेवायला घातली आणि चारच्या लाँचला बसवून दिलं. लाँचमध्ये मी बायकोच्या खांद्यावर डोकं ठेवून जो झोपलो तो घरी कसा आलो ते मला अजून माहीत नाही.

सोमवारी सकाळी हात मिटत नव्हते. शर्टाची बटणं बायकोने लावली, घासही तिनेच भरवला. मी डॉक्टरांसमोर दंड पुढे केला आणि डोळे मिटून घेतले. पट्टा फुगला, सुटला. पुन्हा फुगला, पुन्हा सुटला.

"एकशे बावीस. खालचा ऐंशी." डॉक्टर मशीनकडे आणि माझ्याकडे आळीपाळीने बघत होते. "काय केलंत तरी काय?"

"तुम्ही सांगितलंत तेच. समुद्रावर आराम."

"हात दाखवा."

दाखवले. त्यांनी फोड पाहिले, भाजलेली मान पाहिली, खोदून खोदून विचारलं. मला खोटं बोलता येत नाही. होडी, दोर, मावशी, सगळं सांगितलं, अगदी वेळांसकट. डॉक्टर फार खूश झाले. "असा पेशंट मी पाहिला नाही!" म्हणत त्यांनी पानभर लिहिलं, पाकीट बंद केलं आणि पाठ थोपटून मला साहेबांकडे पाठवलं. मी जिना दोन दोन पायऱ्या करत चढलो. खुर्ची आता आपलीच!

साहेबांच्या टेबलावर लोण्याचं पाकीट आधीच उघडून ठेवलेलं होतं. साहेबांनी माझं उघडलं आणि माझ्यादेखत वाचायला लागले.

"'प्रकृती उत्तम. मात्र यांचा मूळ आजार बसून काम करण्याचा आहे. अंगमेहनत यांना अत्यंत मानवते. यांना खुर्चीपासून शक्य तितकं दूर ठेवावं.'" साहेबांनी कागद खाली ठेवला. "छान! अभिनंदन!"

"साहेब, पण ती हेडक्लार्कची..."

"लोण्याचं... म्हणजे त्यांचं बी.पी. एकशे ऐंशी निघालं हो. डॉक्टरांनी लिहिलंय, कसलंही काम देऊ नका, संपूर्ण आराम हवा. मी रात्रभर विचार केला. आपल्या ऑफिसात संपूर्ण आरामाची अशी जागा एकच आहे."

त्याच दिवशी ऑर्डर निघाली. मी आता तळघरातल्या रेकॉर्डमध्ये आहे. जुन्या फायलींचे गठ्ठे वर चढवायचे आणि खाली उतरवायचे. पहिलं काम म्हणून तिसऱ्या मजल्यावरच्या खिडकीपाशी हेडक्लार्कसाठी आलेलं नवीन कपाट पोचवायचं होतं. पोचवलं. लोणी फिरत्या खुर्चीत अर्धवट मिटल्या डोळ्यांनी बसला होता. त्याने फार मायेने विचारलं, "दमलात का हो?"

मी नाडी मोजून पाहिली. दमलो नव्हतो. डॉक्टरांचं बरोबर होतं.